डोंगरउतार, सायकल आणि बोटभर ब्रेक

सायकल चढावर घेताना माणूस सावध असतो, कारण दम लागतो. उतार लागला की तोच माणूस निर्धास्त होतो. पेडल मारायला नको, कपाळावरचा घाम वाळू लागतो, तोंडावर वारा येतो आणि आता काय, आपोआप खाली पोहोचू असे वाटू लागते. सायकलीच्या एका भागाचे खरे काम मात्र इथेच सुरू होते. तो भाग म्हणजे ब्रेकचे पॅड. शहरातल्या सपाट डांबरी रस्त्यावर ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे कुणी बघत नाही, ते पॅड चिखलाने आणि रेतीने भरलेल्या डोंगरवाटेवर एकाच दिवसात पत्र्यापर्यंत झिजल्याची उदाहरणे माउंटन बाइकच्या शर्यतींत नवलाची नाहीत.

हा विषय शर्यतवाल्यांपुरता राहिलेला नाही. जाड टायरच्या आणि गिअरच्या ज्या सायकलींना आपल्याकडचे कितीतरी दुकानदार अजूनही सरसकट ‘रेंजर’ म्हणतात, त्या आता घरोघरी दिसतात. हिमाचल प्रदेशात २००५ साली ‘एमटीबी हिमालय’ ही लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळात, तिरुवनंतपुरमजवळच्या पोनमुडीच्या डोंगरावर आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा भरली. मनाली आणि लेह येथे तर भाड्याची सायकल घेऊन उतार उतरणे हा सहलीचाच एक कार्यक्रम झाला आहे. जीपने खिंडीपर्यंत जायचे आणि सायकलवरून खाली यायचे. दहावीची परीक्षा संपलेला मुलगा, त्याची कॉलेजात जाणारी बहीण, हौशी वडील असे सगळेच त्यात असतात. हेल्मेट दिले जाते, हातमोजे दिले जातात, फोटो काढले जातात. पॅड किती उरले आहेत हे विचारणारा मात्र विरळा.

धुराने दिलेले नाव

ब्रेकची झीज ही माउंटन बाइकच्या जन्माइतकीच जुनी गोष्ट आहे. किंबहुना या खेळातल्या सर्वांत प्रसिद्ध उताराला नावच त्यावरून पडले. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळ पाइन माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथून खाली येणारा एक कच्चा रस्ता वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला. तीन-सव्वातीन किलोमीटरांत तो सुमारे ४०० मीटर खाली उतरतो. गावातली काही उत्साही तरुण मंडळी भंगारातून उचललेल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन या रस्त्याने सुसाट खाली येत. खाली आधी कोण पोहोचतो यावरून वाद होऊ लागले, तेव्हा तो एकदाचा मिटवावा म्हणून २१ ऑक्टोबर १९७६ रोजी रीतसर घड्याळ लावून शर्यत घेण्यात आली. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही नावे पुढे सायकलविश्वात सर्वांच्या तोंडी झाली, ती याच मंडळींची.

त्या जुन्या सायकलींना उलटे पेडल मारल्यावर लागणारा ब्रेक असे. तो मागच्या चाकाच्या हबमध्ये दडलेला असतो. आतले धातूचे जबडे हबच्या कवचावर घासतात आणि सगळे काम ग्रीसमध्ये बुडून चालते. सपाट रस्त्यावर शाळेत जाणाऱ्या मुलाला हा ब्रेक उत्तम. डोंगर उतरताना मात्र हब इतका तापे, की आतले ग्रीस जळून त्याचा धूर निघे. खाली पोहोचेपर्यंत मागे धुराची रेघ उमटलेली असायची. त्यानंतर हब उघडून नवे ग्रीस भरल्याशिवाय सायकल पुन्हा वर नेण्यात अर्थ नसे. पुन्हा भरणे म्हणजे इंग्रजीत ‘रीपॅक’. त्या उताराचे आणि शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. गॅरी फिशरने हे अंतर ४ मिनिटे २२ सेकंदांत काटले, तो विक्रम आजही सांगितला जातो.

या पोरांनी मग जुन्या हबचा नाद सोडला. मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर काढून सायकलला लावले, ड्रम ब्रेक बसवून पाहिले, रिमवर दाबणारे ब्रेक लावले. जो ब्रीझने तर डोंगरासाठी म्हणून मुद्दाम नवी फ्रेम बांधली. पुढे १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीला प्रवेश मिळाला. त्याच वर्षी शिमानो या जपानी कंपनीचे ‘व्ही ब्रेक’ बाजारात आले आणि बघता बघता जगभर पसरले. त्यानंतरच्या काळात मोटरसायकलसारखे चकतीचे, म्हणजे डिस्क ब्रेक सायकलीवर रुळले. यंत्रणा बदलत गेली. उष्णता आणि कच हे दोन शत्रू मात्र तेच राहिले.

उष्णता जाते कुठे?

ब्रेक लावल्यावर सायकल थांबते हे आपण पाहतो. तिचा वेग गेला कुठे हा प्रश्न सहसा पडत नाही. तो नाहीसा झालेला नसतो, त्याची उष्णता झालेली असते. लेहजवळच्या खर्दुंग ला या खिंडीचे उदाहरण घेऊ. तिथल्या जुन्या पाटीने १८,३८० फूट सांगितले, तरी प्रत्यक्षातली उंची ५,३५९ मीटर म्हणजे सुमारे १७,६०० फूट मानली जाते. लेह शहर साधारण ३,५०० मीटरवर. म्हणजे चाळीसेक किलोमीटरच्या वाटेत सायकल सुमारे १,८५० मीटर खाली येते. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले, तर या उतारात जेवढी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात जवळजवळ पाच लिटर पाणी उकळीला येईल. मोठे पातेले भरून म्हणा ना! त्यातला काही वाटा वारा खातो, काही टायर आणि रस्ता. बाकी सगळे त्या चार इवल्याशा पॅडच्या आणि दोन पातळ चकत्यांच्या माथी.

डिस्क ब्रेकचा एक पॅड टपालाच्या तिकिटाएवढा असतो. पाठीला धातूची पत्री आणि तिच्यावर घासणाऱ्या द्रव्याचा थर. नव्या पॅडवर हा थर साधारण दोन मिलीमीटरचा असतो आणि तो अर्ध्या मिलीमीटरवर आला की पॅड बदलावा असे उत्पादक सांगतात. याचा अर्थ, वापरायला हाती असते ती फक्त दीड मिलीमीटरची शिदोरी.

ही शिदोरी कोण किती दिवस पुरवतो, हे पुष्कळसे त्याच्या हातांवर असते. नवखा माणूस घाबरून पूर्ण उतारभर ब्रेक अर्धवट दाबून ठेवतो. सायकल हळू चालते म्हणून त्याला सुरक्षित वाटते. पण वाऱ्याकडे जाणारा वाटा त्यामुळे नगण्य होतो आणि जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकलाच पेलावी लागते, तीही क्षणाची उसंत न मिळता. मुरलेला सायकलस्वार वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट, पुरेसे जोरात लावतो, वेग उतरवतो आणि मग सोडून देतो. दोन वळणांच्या मधल्या काळात चकतीला वारा लागतो. ट्रकवाले घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये घालतात ती ब्रेकवरचा भार हलका करण्यासाठीच. सायकलीला ती सोय नाही, तिला विश्रांती हाताने द्यावी लागते.

विश्रांती मिळाली नाही तर काय होते? पॅड राळेत म्हणजे रेझिनमध्ये बांधलेल्या तंतूंचे असतील, तर फार तापल्यावर वरची राळ बिघडते. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत, चकाकता होतो. लिव्हर घट्ट लागतो, जोर लावावा तेवढा लागतो, पण सायकल थांबायला तयार नसते. दुसरा प्रकार तेलाच्या ब्रेकमध्ये होतो. उष्णता पॅडमधून आतल्या द्रवापर्यंत पोहोचते. द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे येतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे लिव्हर एकदम मऊ पडतो आणि हँडलला जाऊन टेकतो. काही ब्रेकमध्ये ‘डॉट’ जातीचा द्रव असतो, काहींत खनिज तेल. डॉट द्रव हवेतला ओलावा शोषून घेतो. कोरडा असताना २३० अंश सेल्सिअसच्या आत न उकळणारा ‘डॉट ४’ ओलावा शोषल्यावर १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून त्याची वेळोवेळी बदली करणे आले. या दोन द्रवांची सरमिसळ मात्र कधीही करू नये. एकासाठी बनवलेली रबरी सीले दुसऱ्यात फुगतात, खराब होतात आणि ब्रेक निकामी होतो.

ओल्या राखेची करामत

आता कचीकडे येऊ. पितळेचे भांडे घासणाऱ्या बाईला विचारा, कोरडी राख किती चालते आणि ओली किती. कोरडी भुरभुरून खाली पडते. ओली चिकटून बसते आणि भांड्याला झरझर चमक आणते. डोंगरवाटेवर नेमके हेच घडते. कोरडी धूळ चकतीवरून बरीचशी उडून जाते. पाणी आणि बारीक रेती यांचा रबडा मात्र चकतीला चिकटून थेट पॅडखाली जातो आणि प्रत्येक फेरीला थोडाथोडा थर खरवडतो. त्या क्षणी ब्रेक हे ब्रेक राहत नाहीत, पाटा-वरवंटा होतात.

रेती कोणत्या दगडाची यालाही महत्त्व आहे. खर्दुंग ला ज्या पर्वतरांगेवर आहे ती ग्रॅनाइटची. ग्रॅनाइट कुजला की त्यातून गारगोटीचे म्हणजे क्वार्ट्झचे कण सुटतात. काठिण्याच्या मापात गारगोटीचा क्रमांक ७ लागतो, ती साध्या पोलादी सुरीवर ओरखडा उठवते. बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्यांनी हीच रेती रस्त्यावर आणून पसरलेली असते आणि सायकल तिच्यातून चबचबत जाते. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ बेसॉल्टचा. त्यात गारगोटी अगदी कमी, हे खरे. म्हणून निर्धास्त व्हावे असे नाही. बेसॉल्टमधली खनिजेही पॅडच्या राळेपेक्षा कितीतरी कठीण असतात, आणि पुण्या-मुंबईची मंडळी डोंगरात सायकली काढतात ती नेमकी पावसाळ्यात, जेव्हा प्रत्येक वाट चिखलाने माखलेली असते. पावसाळी सहलीवरून आल्यावर सायकल धुऊन ठेवली जाते, पॅड बाहेर काढून कुणी पाहत नाही.

पॅड निवडताना हे सगळे उपयोगी पडते. बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. एक राळेचे, ज्यांना ‘रेझिन’ किंवा ‘ऑर्गॅनिक’ म्हणतात. हे थंड असतानाच चांगली पकड घेतात, आवाज कमी करतात, आतल्या द्रवाकडे उष्णता कमी जाऊ देतात. ओल्या रेतीत मात्र लोण्यासारखे झिजतात. दुसरे ‘सिंटर्ड’, म्हणजे तांबे वगैरे धातूंची पूड दाबाखाली तापवून एकजीव केलेले. ते टिकाऊ. सुरुवातीला जरा तापेपर्यंत कुरकुरतात, आवाज करतात, चकतीही जास्त खातात. पावसाच्या आणि लांब उताराच्या वाटेवर सिंटर्ड पॅडच घ्यावेत, हा अनुभवी सायकलस्वारांचा कल योग्यच आहे. यात एक मेख आहे. स्वस्त सायकलींच्या काही चकत्यांवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असे कोरलेले असते. त्या मऊ पोलादाच्या असतात आणि त्यांच्यावर सिंटर्ड पॅड लावले तर पॅड टिकतात, चकती संपते. नवी चकती साधारण १.८ मिलीमीटर जाडीची असते आणि १.५ वर आली की टाकून द्यावी लागते. हा आकडा बहुधा चकतीवरच कोरलेला असतो. दुकानदार तो वाचून दाखवत नाही, आपण वाचावा.

रिमच्या ब्रेकवाल्यांचे दुखणे निराळे. तिथे चाकाचा कडाच चकतीचे काम करतो. रबरात घुसलेली कच ॲल्युमिनियमच्या रिमला किसून काढते. ओल्या दिवशी चाकावरून आणि फ्रेमवरून जो काळा ओघळ येतो, त्यात रबराबरोबर रिमचेही अंश असतात. रबर बदलणे स्वस्त आणि सोपे. रिमची भिंत पातळ झाली की टायरमधल्या हवेच्या दाबाने ती फाटू शकते, आणि ती फाटते बहुधा ब्रेक लावलेला असतानाच. बऱ्याच रिमवर यासाठी बारीक खाच किंवा खळगे ठेवलेले असतात. ते दिसेनासे झाले की रिमचे आयुष्य संपले. महिन्यातून एकदा रबर बाहेर काढून सुईने त्यातले खडे आणि धातूचे चकाकते कण टोकरून काढले, तर रिम पुष्कळ जास्त टिकते. हे काम घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला शिकवण्यासारखे आहे, त्याला आवडतेही. पोलादी, चकचकीत रिमच्या सायकली मात्र पावसाळी उतारावर नेऊच नयेत. ओल्या क्रोमवर रबर धरत नाही.

न दिसणारी झीज

एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. ब्रेक जितका आधुनिक, तितकी त्याची झीज कळायला अवघड. जुन्या तारेच्या ब्रेकमध्ये रबर झिजले की लिव्हर हळूहळू हँडलजवळ येऊ लागतो. स्वाराच्या बोटांना ते जाणवते. तेलाच्या डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजेल तसतसे आतले दट्टे आपोआप पुढे सरकतात. लिव्हर पहिल्या दिवशी जिथे लागत होता, साधारण तिथेच शेवटच्या दिवशीही लागतो. सोय म्हणून केलेली ही योजना निष्काळजी माणसाला धोक्याची सूचनाच मिळू देत नाही. अचानक एके ठिकाणी धातूवर धातू घासल्याचा कर्कश आवाज येतो. तोवर पॅडची पत्री चकतीवर चरे पाडू लागलेली असते, दोन पॅडच्या मधली छोटी स्प्रिंग चुरगळलेली असते. तसेच पुढे दामटले तर दट्टा इतका बाहेर येतो, की द्रव गळून ब्रेक पूर्ण बंद पडण्याची वेळ येते.

तारेच्या डिस्क ब्रेकची, म्हणजे मध्यम किमतीच्या बहुतेक सायकलींवर असतात त्यांची, तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्यातला एकच पॅड हलतो आणि दुसरा जागेवर बसलेला असतो. तार कितीही ताणली तरी तो बसलेला पॅड पुढे येत नाही. त्याला त्याच्या वेगळ्या स्क्रूने किंवा चक्रीने चकतीजवळ आणावे लागते. हे न केल्यास चकती दर वेळी एका बाजूला वाकवली जाते. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला तार ओढून देतो आणि ‘झाले साहेब’ म्हणतो. त्या वेळी दुसऱ्या पॅडबद्दल जरूर विचारावे.

दोन चाकांत आधी कोणाचे पॅड संपतात? थांबवण्याचे जास्त काम पुढचा ब्रेक करतो, म्हणून पुढचे, असे कुणीही म्हणेल. चिखलाच्या वाटेवर पुष्कळदा उलटे होते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मागच्या ब्रेकवर येऊन बसतो. शिवाय पुढे कोलमडण्याच्या भीतीने नवखे लोक मागचाच ब्रेक उतारभर दाबून ठेवतात. तेव्हा पाहायचे ते दोन्हीकडे.

खिंडीवर सायकल हातात घेताना

समजा, नागपूरचे किंवा इंदूरचे एक कुटुंब उन्हाळ्याच्या सुटीत लेहला गेले आहे आणि खिंडीच्या टोकावर जीपमधून चार सायकली उतरवल्या जात आहेत. थंडी आहे, हवा विरळ आहे, फोटोंची घाई आहे. अशा वेळी दहा मिनिटे वडीलधाऱ्यांनी सायकलींसाठी काढायला हवीत. खरे तर हे खाली लेहमध्ये, दुकानातच करावे. वर पोहोचल्यावर सायकल बदलून मिळत नाही.

कॅलिपरच्या फटीतून पॅड दिसतात. पलीकडे पांढरा कागद धरला की ते स्पष्ट दिसतात. पत्रीवरचा थर पोस्टकार्डाच्या दोन-तीन जाडीएवढाच उरला असेल, तर ती सायकल घेऊ नये. मग पुढचा लिव्हर दाबून सायकल पुढे ढकलावी. मागचे चाक उचलले गेले पाहिजे. मागचा लिव्हर दाबून ढकलली तर मागचे चाक फरपटले पाहिजे, फिरता कामा नये. लिव्हर पाच-सहा सेकंद जोरात दाबून धरावा. तो हळूहळू हँडलकडे खचत गेला, तर आत हवा आहे किंवा गळती आहे. चकतीला हात लावायचा मोह आवरावा. बोटांचा तेलकटपणाही तिला नको असतो, आणि नुकत्याच उतरून आलेल्या सायकलीची चकती हात भाजण्याइतकी तापलेली असते.

कोणत्या हाताला कोणता ब्रेक, हे न विचारता कुणीही निघू नये. आपल्या अनेक देशी सायकलींत उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. अमेरिकेच्या किंवा युरोपच्या पद्धतीने बांधलेल्या कित्येक सायकलींत तो डाव्या हाताला असतो. जन्मभर एका सवयीने चाललेला हात संकटात तीच सवय आठवतो, आणि मागचा समजून पुढचा ब्रेक करकचून दाबला की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

मुलांच्या बाबतीत आणखी एक पाहावे, त्यांची बोटे. मोठ्यांच्या मापाच्या सायकलीवर बारा-तेरा वर्षांच्या मुलाची बोटे लिव्हरपर्यंत नीट पोहोचत नाहीत. टोकांनी ओढत ओढत अर्धा तास गेला, की मनगट भरून येते आणि मुलगा ते बोलून दाखवत नाही, कारण ताई पुढे गेलेली असते. बऱ्याच लिव्हरना हँडलपासूनचे अंतर कमी करणारा छोटा स्क्रू असतो. तो दोन आटे फिरवायला अर्धे मिनिट पुरते. आणि वाटेत थांबण्याची ठिकाणे वडिलांनी आधीच ठरवून द्यावीत, म्हणजे हातांना आणि ब्रेकना दोघांनाही गार होता येते.

सायकली भाड्याने देणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. हंगाम चार-पाच महिन्यांचा, गिऱ्हाईक रोज नवे, प्रत्येकजण ब्रेक आवळूनच उतरणारा. त्यांचे पॅड आपल्या घरच्या सायकलीपेक्षा कितीतरी वेगाने संपतात. जो दुकानदार ‘हे पॅड परवाच बदलले’ म्हणून जुने पॅड काढून दाखवतो, त्याला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. हात झटकून ‘ब्रेक एकदम टॉप आहेत’ म्हणणाऱ्याकडून मात्र कागद मागून घ्यावा, तोच पांढरा, कॅलिपरमागे धरायला.

नवे पॅड आणि खोबरेल तेल

नवे पॅड लावले की ब्रेक झाले चांगले, ही समजूत अपुरी आहे. नव्या पॅडना सुरुवातीला पूर्ण पकड नसते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर मध्यम वेग घेऊन ब्रेक लावत चालण्याच्या वेगापर्यंत यायचे, चाक जाम होऊ द्यायचे नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असे प्रत्येक ब्रेकने वीस-तीस वेळा केले, की पॅडचा पातळ थर चकतीवर सारखा बसतो आणि मग खरी पकड येते. हे न करता थेट डोंगर गाठणाऱ्यांचे नवे पॅड पहिल्याच उतारावर चकाकून जातात. मग दोष पॅडच्या कंपनीला.

आवाजाबद्दलही बोलले पाहिजे. डिस्क ब्रेक ओला झाला की किंचाळतो. पाणी गेले की बहुधा थांबतो. आपल्याकडे मात्र कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर एकच औषध. दाराच्या बिजागरीला खोबरेल, शिलाई मशीनला तेल, तसे ब्रेकलाही दोन थेंब. किती घरांत मुलांनी आज्ञाधारकपणे हे केले असेल, देव जाणे! तेल लागलेला पॅड छिद्राछिद्रांतून ते पिऊन टाकतो. घासून, जाळून, पेट्रोलने धुऊन त्याला पूर्ववत करण्याचे प्रयोग लोक करतात, पण उतारावर विश्वास ठेवावा असा तो पुन्हा होत नाही. तो फेकावा आणि चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ कपड्याने पुसावी. साखळीला फवाऱ्याचे तेल मारतानाही मागच्या चकतीवर फडके धरावे.

ज्यांचे मूल सपाट शहरात फक्त शिकवणीला आणि मैदानावर सायकलने जाते, त्यांनी मोटरसायकलसारखे दिसतात म्हणून दोन्हीकडे डिस्कची सायकल घेण्याची गरज नाही. चांगल्या ॲल्युमिनियम रिमवरचे व्ही ब्रेक त्याला भरपूर झाले. त्यांची झीज समोर दिसते आणि रबर कोणत्याही गावात मिळते. डिस्क ब्रेकचा खरा उपयोग चिखलात आणि लांब उतारावर. तिथे जायचे असेल, तर मात्र पॅडचा खर्चही धरून चालावे. पॅडच्या आकारांचे अनेक प्रकार आहेत आणि एका ब्रेकचे दुसऱ्यात बसत नाहीत. आपल्या ब्रेकचे नाव व क्रमांक टिपून, जादा जोडी निघण्याआधीच घ्यावी. डोंगरातल्या गावात ती मिळण्याची शाश्वती नसते. एका जोडीचे वजन नगण्य, खिशातल्या रुमालात मावते. बदलायला एक एलन की, एक पक्कड आणि दट्टे मागे ढकलायला टायर काढण्याची प्लॅस्टिकची पट्टी एवढे पुरे. दट्टे ढकलण्याआधी त्यांच्याभोवतीची माती पुसून घ्यायची, नाहीतर ती आतल्या सीलमध्ये जाते.

स्वतःची सायकल रेल्वेने किंवा विमानाने नेणाऱ्यांना चाके काढावी लागतात. चाक काढलेल्या तेलाच्या डिस्क ब्रेकमध्ये, दोन पॅडच्या मधल्या फटीत पुठ्ठ्याची जाड घडी किंवा सायकलबरोबर आलेला प्लॅस्टिकचा तुकडा अडकवून ठेवावा. मध्ये चकती नसताना कुणी लिव्हर दाबला, तर दट्टे बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात आणि मुक्कामी पोहोचल्यावर चाक बसतच नाही. आणि उघड्या सायकलीचा लिव्हर दिसला, की घरातली आणि डब्यातली सगळी लहान मुले तो एकदा तरी दाबून पाहतातच.